वेलींवर आंबील

आमच्या घरात मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात. नाव नवऱ्यानं ठेवलं आणि मुलीनं उचलून धरलं. मला त्याचा राग येत नाही. चार माणसांच्या घरात एकानं तरी काळजी करायला हवी, आणि उरलेल्या तिघांनी ते खातं माझ्याकडे सोपवून टाकलंय. गॅस बंद केला का, गच्चीचं दार लावलं का, आभाळ का भरून आलंय, सगळं माझ्याकडे. पण आम्ही द्राक्षं लावली तेव्हापासून या खात्याचं काम फार म्हणजे फारच वाढलं.

आमचं घर शहरात, तारनाक्याला. नवरा रेल्वेत होता, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, आणि सासरे वकील. त्यांना मी मामंजी म्हणते. शेती मात्र जहीराबादच्या पलीकडे, तांबड्या माळाची, वाडवडिलांपासून आलेली. तिथं वर्षानुवर्षं तूर आणि ज्वारी निघायची, तीही बटईनं दिलेली. मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकून इथल्या एका मोठ्या हॉटेलात लागली. तिथं तिनं पाहिलं की लोक वाईनची बाटली हातात घेतात आणि आधी मागची चिठ्ठी वाचतात. द्राक्षावर औषधं मारलीत का, असं वेटरला विचारतात. एक दिवस जेवताना ती म्हणाली, “आई, आपण वाईनची द्राक्षं लावू या. प्रॉपर ऑरगॅनिक. सर्टिफाइड.” एक तर वाईन, आणि समोर मामंजी बसलेले.

मामंजींनी उभ्या जन्मात थेंबाला हात लावलेला नाही. कोर्टातल्या मित्रांच्या पार्ट्यांत लिंबाचं सरबत घेऊन बसणारे ते. त्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, “लावा. द्राक्ष काही वाईट फळ नाही. पुढं त्याचं काय करता ते मला सांगू नका.” हात धुवायला उठता उठता त्यांनी अट घातली. “एक ध्यानात ठेवा. शेतातली येळवस बंद पडायची नाही.”

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. पुण्याकडच्या पाहुण्यांना ती दर वेळी समजावून सांगावी लागते. जुन्या निजामी मुलखातला, मार्गशीर्षातला हा शेताचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील. आंबील म्हणजे ताकातलं ज्वारीचं पीठ, लसूण आणि हिरवी मिरची घातलेलं. जेवणाआधी घरातला मोठा माणूस ती आंबील ज्वारीच्या कणसानं उभ्या पिकावर शिंपडत, ‘ओलगे, ओलगे’ अशी आरोळी देत फिरतो. त्या आरोळीचा अर्थ आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. मामंजी म्हणतात, पिकाला कळतोय ना, मग झालं.

अट सोपी वाटली. आम्ही तिघांनीही मान डोलावली आणि कामाला लागलो.

सेंद्रिय म्हणजे औषध मारायचं नाही, एवढीच माझी समजूत होती. केमिस्ट्री शिकवून काय उपयोग, ते मला पहिल्या वर्षीच कळलं. जमिनीनं तीन वर्षं कसलंही रसायन न घेता काढायची, मग सर्टिफिकेट. तोवर बांधाच्या आत काय आलं, कुठून आलं, कशासाठी आलं, सगळं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला सांगायचं. शेजाऱ्याचा कापूस, त्याच्यावर आठवड्याला फवारे. तिकडून वाऱ्यावर काही उडून येऊ नये म्हणून बांधाला पुरुषभर वाढणाऱ्या गजराज गवताची भिंत उभी केली. तरी वारा सुटला की मी तारनाक्यात उठून नवऱ्याला विचारायची, वारा कुठून कुठं वाहतोय. डिसेंबरात पहाटे खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून दव बघायची, कारण दव म्हणजे केवडा रोग, आणि केवडा म्हणजे पानं जळाली. इथल्या काचेवरचं दव आणि जहीराबादचं दव यांचा काही संबंध नाही, असं नवरा समजावायचा. मला तो संबंध दिसायचा.

मुलीचं म्हणणं वेगळं होतं. द्राक्षं आमची, वाईन सीमेपलीकडे कर्नाटकातल्या एका वायनरीत होणार, आणि विकायची जबाबदारी तिची. “आई, दारूची ॲड करता येत नाही आपल्याकडे. पोस्टर नाही, काही नाही. मग माझ्याकडे काय आहे? बाटलीवरचा तो छोटा शिक्का. तोच बोलणार.” तिनं हॉटेलातल्या खरेदीवाल्यांशी बोलणी करून ठेवली होती. शिक्का असेल तर ते बाटल्या ठेवून बघायला तयार होते. नसेल तर अशा वाईनी त्यांच्याकडे पोत्यानं पडल्या होत्या. तिनं नोकरीचा राजीनामाही दिला, मला न विचारता. सांगितलं असतं तर मी देऊ दिला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसरं वर्ष लागलं तेव्हा सगळं एका गोष्टीवर आलं होतं. तोडणीच्या आधी सर्टिफिकेट हातात पडलं, तरच त्या वर्षीची द्राक्षं वेगळी गाळली जाणार. नाहीतर ती वायनरीत इतरांच्या द्राक्षांत मिसळणार, आणि तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

पहिल्या दोन येळवशी सुरळीत पार पडल्या होत्या. मामंजी शेतावर यायचे, पण वेलींच्या ओळीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बांधाच्या बाहेर, विहिरीच्या अंगाला आम्ही त्यांच्यासाठी ज्वारीची एक पट्टी ठेवली होती. तिथंच कोप, तिथंच पूजा, आणि आंबील त्या ज्वारीवरच. द्राक्षाकडे ते पाठ करून जेवायला बसायचे. मला ते सोयीचंच होतं. ती पट्टी सर्टिफिकेटाच्या नकाशात नव्हतीच, त्यामुळे तिच्यावर काय शिंपडलं याची मला फिकीर नव्हती. आंबिलीची ज्वारी मी नेहमीप्रमाणे बेगम बाजारातून आणायची.

तिसऱ्या वर्षी पीक फार देखणं आलं होतं. घड भरले होते, पानं तजेलदार, आणि सगळीकडे तो हिरवा कच्चा वास. पूजा झाली, मामंजींनी मडकं उचललं, कणीस बुडवलं, ज्वारीच्या पट्टीवर शिंपडलं. मी ताटं मांडत होते. मान वर केली तर ते पट्टी ओलांडून गजराजाच्या फटीतून आत गेले होते. पहिल्या ओळीत. मग दुसऱ्या. ‘ओलगे, ओलगे’ असा त्यांचा आवाज येत होता, कोर्टातला तो जुना भरदार आवाज, आणि हात दोन्ही बाजूंनी चालत होता. वेलींवर, घडांवर, पानांवर.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. तीन वर्षं ज्या पिकाकडे त्यांनी बघितलं नव्हतं त्याला ते आपलं म्हणत होते, हे मला दिसत होतं. आणि त्याच वेळी बेगम बाजारातलं ते पोतंही दिसत होतं. साठवणीच्या धान्यात कीड लागू नये म्हणून काय काय घालतात, हे केमिस्ट्रीच्या बाईला कुणी सांगायला नको. मुलगी बाजूला उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आई, बघ ना, आबा आत गेले,” ती म्हणाली. मी मात्र मनात मोजत होते की किती ओळींपर्यंत गेले.

जेवताना मामंजी पहिल्यांदाच द्राक्षाकडे तोंड करून बसले. “वेल चांगली धरलीय,” म्हणाले. “सरबत बरं होईल तुमचं.” सगळे हसले. मीही हसले, पण भज्जीची चव काही लागली नाही.

घरी आलो. मग नवऱ्याला गाठलं. त्याला आधी कळेचना की आंबिलीनं काय होणार. समजावल्यावर तोही गंभीर झाला. मी म्हटलं, उद्या जाऊन ओला फडका घेऊन पानं पुसू या. तो म्हणाला, “किती पानं पुसशील? आणि बाबांना काय सांगशील, कुठं चाललो म्हणून?” त्याचं खरं होतं. पुसता आलीही असती काही पानं. पण मामंजींच्या हातचं पुसायला माझा हात धजला नसता, हेही तितकंच खरं. मग मी पावसाची वाट बघत बसले. तीन वर्षं ज्या अवकाळी पावसाच्या नावानं मला धडकी भरायची, तोच पडावा म्हणून मी देवाला हात जोडले. आभाळ कोरडं ठक्क.

मुलीला मी तो व्हिडिओ कुणाला पाठवू नको असं बजावलं. ती चिडली. “आई, ही आपली स्टोरी आहे. हॉटेलवाले यासाठी जीव टाकतील.” मी म्हटलं, “आधी शिक्का येऊ दे. मग सांग काय ती स्टोरी.” तिनं पाठवला नाही. पण माझ्यावर रुसून बसली.

आठवडाही उलटला नसेल, संस्थेचा तपासनीस आला. आगाऊ कळवलं नव्हतं, तशीच त्यांची पद्धत असते. मी आणि नवरा शेतावरच होतो, आणि नेमके मामंजीही. येळवशीपासून त्यांना शेताचा नाद लागला होता. गाडी निघाली की ते पुढच्या सीटवर बसलेले असायचे. तपासनीस तिशीतला, तेलुगू, शांत माणूस. त्यानं गजराजाची भिंत बघितली, खतांची जागा बघितली, फवारणीचे पंप उघडून हुंगले. सगळं ठीक म्हणाला. मग पहिल्या ओळीत शिरला आणि एका पानाशी थांबला. पान उलटं केलं, सुलटं केलं, नखानं खरवडलं.

“मॅडम, ये सफेद-सफेद क्या है? भुरी तो नहीं दिखती. कुछ पावडर मारे क्या?”

भुरी म्हणजे बुरशीचाच रोग, पांढरा. ‘हो, भुरीच असेल सुरुवातीची,’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. रोग असणं गुन्हा नाही. न सांगता काही शिंपडणं गुन्हा. ते वाक्य बाहेर पडलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कारण माझ्या मागून मामंजी बोलले.

“आंबील बोलते इसको, साब. जवारी का आटा, छाछ, लहसन, हरी मिर्ची, नमक. मैं छिड़का. पूजा का रहता.”

तपासनीसानं वही उघडली. “जवारी अपने खेत की है?”

“नई. बेगम बाजार की.” मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ये मेरी बहू है. इनों मना करे थे. मैं सुना नहीं.”

मी मनाई केली नव्हती. मी तोंडही उघडलं नव्हतं. वकील माणूस, जन्मभर साक्षीदारांना खरं बोला म्हणून सांगत आलेला, आणि त्या दिवशी स्वतःच्या शेतात उभा राहून माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला.

तपासनीस चांगला होता. म्हणाला, “हमारे गांव में भी करते, साब. पन बाहर का माल अंदर आया, तो मेरे को लिखना पड़ता.” त्यानं लिहिलं. पहिल्या काही ओळींतली पानं आणि घड तोडून पिशव्यांत भरले, पिशव्यांवर सही केली, माझीही घेतली. निकाल त्याच्या हातात नव्हता. प्रयोगशाळा बघेल, मग कमिटी बघेल. तो गेल्यावर मामंजी विहिरीच्या काठावर जाऊन बसले.

मग निकालाची वाट बघायचे दिवस सुरू झाले. द्राक्षं कुणासाठी थांबत नाहीत. मण्यांत गोडी चढायला लागली. मी मणी चिरडून त्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रात साखर बघायची, आणि दर खेपेला रेघ वर गेलेली असायची. वायनरीवाले फोन करून विचारायचे, तोडणी कधी धरू. मी म्हणायची, अजून थोडं. थोडं म्हणजे किती ते मलाही माहीत नव्हतं. जास्त पिकली तर वाईन बिघडणार, आधी तोडली तर शिक्का नाही. मुलगी हॉटेलवाल्यांना ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगून सांगून थकली. तिचं रुसणं केव्हाच गेलं होतं. आता तीही माझ्यासारखीच सकाळी उठून आधी ईमेल बघायची. काळजीवाहू सरकारात एक मंत्री वाढला, असं नवरा म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरलेला होता.

सगळ्यांत वाईट मामंजींचं झालं. ज्या माणसानं ‘पुढं काय करता ते मला सांगू नका’ म्हटलं होतं, तो रोज चहाला बसला की विचारायचा, “कागद आला का?” मी नाही म्हटलं की ते मान हलवून पेपर उघडायचे, पण पान उलटायचं राहून जायचं. जेवण कमी झालं. गाडी निघाली की आता ते बाहेर यायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, “मामंजी, चला ना शेतावर.” ते म्हणाले, “नको. मी गेलो की काहीतरी लागतं तुमच्या द्राक्षाला.” मी चप्पल घालून बाहेर पडले. खरं तर त्यांच्या शेजारी बसून म्हणायला हवं होतं की तुम्ही आत आलात, वेलींना आपलं म्हटलंत, त्याचा मला आनंद झाला होता. पण मला तेव्हा आनंद झाला नव्हता. मला भीती वाटली होती, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार.

कागद आला तेव्हा मी भाजी निवडत होते. मुलगी वरून धावत खाली आली, मोबाइल पुढे धरला, पण तिला वाचून दाखवता येईना. मी चष्मा शोधेपर्यंत नवऱ्यानं वाचला. नमुन्यात काही सापडलं नव्हतं. सर्टिफिकेट मंजूर होतं. खाली एक सूचना होती: यापुढे वेलीला जे काही लागेल, मग ते पूजेचं का असेना, ते आधी कळवून मंजूर करून घ्यावं. मुलीनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी त्या भाजीच्या ढिगाशेजारी उभ्या राहून रडलो. मामंजी दारात आले. “आला का?” म्हणाले. मी हो म्हटलं. “बरं झालं,” म्हणाले आणि आत गेले. त्या रात्री ते पोटभर जेवले, एवढं मला आठवतं.

तोडणी झाली, वाईन झाली. हॉटेलात बाटल्या लागल्या. सुरुवातीला थोड्या, पण परत मागवल्या गेल्या. मुलगी शिक्क्याकडे बोट दाखवून बोलते आणि लोक ऐकतात. व्हिडिओ तिनं अजून कुणाला दाखवलेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या येळवशीसाठी मी वेळेत अर्ज केला. पट्टीवरची ज्वारी आता नकाशात घेतली होती. तिथलीच गेल्या सुगीची दळायची, ताक शेतावरच्या गाईचं. आंबील इंग्रजीत समजावून लिहिताना माझी पुरेवाट झाली, पण मंजुरी आली. मामंजींनी ती ज्वारी स्वतः पाखडली, निवडली, आणि गिरणीवाल्याला आधी जातं साफ करायला लावलं. मी इतकं सांगितलं नव्हतं.

पूजा झाली. मामंजींनी मडकं घेतलं, ज्वारीवर शिंपडलं, आरोळी दिली. मग गजराजाच्या फटीशी येऊन ते थांबले. मी ताटं मांडायची सोडून उभी राहिले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सूनबाई, इथं चालतं का?”

मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी कुणाला कशाची परवानगी विचारलेली मी पाहिली नव्हती. आणि ही जमीन त्यांची. मी घाईनं म्हटलं, “चालतं मामंजी. मी विचारून ठेवलंय.” बोलून गेले आणि माझं मलाच कसंसं झालं.

ते आत गेले. पहिल्याच वेलीपाशी उभे राहिले. कणीस मडक्यात जेमतेम टेकवलं, एका पानावर थेंबभर आंबील सोडली, ओठातल्या ओठात ‘ओलगे’ म्हणाले. मग खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकानं ते पान दोन्ही बाजूंनी नीट पुसून काढलं.